केडल्स्टन हॉल: चार बाजू आखल्या, दोनच उभ्या राहिल्या

गेल्या अंकात इंग्लंडमधल्या डर्बी शहराजवळच्या केडल्स्टन हॉलचा ओझरता उल्लेख केला होता. ‘चार बाजूंना चार इमारती आखलेल्या, प्रत्यक्षात दोनच बांधल्या गेल्या’ एवढंच लिहिलं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण केडल्स्टनलाच दिलं आहे. जुन्या इमारतींच्या चुन्याच्या आणि दगडाच्या दुरुस्तीवर देखरेख करणं हा माझा व्यवसाय. नॉटिंगहॅमला राहते, त्यामुळे हे घर माझ्या पायाखालचं आहे. मला ते फार आवडतं, हे आधीच सांगून टाकते.

ताई, पुस्तकांत केडल्स्टनचं श्रेय रॉबर्ट अ‍ॅडमला दिलेलं असतं. आमच्या सरांनी मात्र आणखी दोन नावं सांगितली. मग घर नक्की कुणाचं मानायचं?
(वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

सरांचं बरोबर आहे. १७५८ मध्ये ही इस्टेट सर नॅथनिएल कर्झन याच्या हाती आली तेव्हा तो तिशी ओलांडलेला, हौशी आणि घाईचा माणूस होता. तिथे उभं असलेलं लाल विटांचं घर जेमतेम साठेक वर्षांचं होतं. ते पाडून नवं बांधायचं त्याने ठरवलं आणि मॅथ्यू ब्रेटिंगहॅमला बोलावलं. मूळ आराखडा त्याचा. इटलीच्या पॅलाडिओने कागदावरच राहिलेल्या एका घरासाठी केलेली मांडणी त्याने उचलली: मध्ये मुख्य इमारत, तिच्या चार कोपऱ्यांतून निघणारे चार बाकदार सज्जे (म्हणजे इमारती जोडणाऱ्या झाकलेल्या वाटा) आणि प्रत्येकाच्या टोकाला एक स्वतंत्र इमारत. ईशान्येची, कुटुंबाने राहायची इमारत त्याने बांधलीही. मग त्याच्या जागी जेम्स पेन आला. त्याने वायव्येची मुदपाकखान्याची इमारत उभी केली आणि मधल्या घराच्या भिंती वर काढायला घेतल्या.

अ‍ॅडम तेव्हा नुकताच इटलीहून परतला होता. त्याला सुरुवातीला फक्त बागेतल्या छोट्या बांधकामांचं काम दिलेलं होतं. पण कर्झनने त्याची रेखाटनं पाहिली आणि १७६० पर्यंत सगळं काम त्याच्याकडे गेलं. तेव्हा आराखड्याचा सांगाडा ब्रेटिंगहॅमचा, उत्तरेचा दर्शनी भाग बराचसा पेनचा आणि दक्षिणेची बाजू नि आतलं सगळं अ‍ॅडमचं, अशी माझी वाटणी आहे. परीक्षेत एवढं लिहिलंत तरी पुरेल, पण तिघांचा हात कुठे कुठे लागलाय ते डोळ्यांनी ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी घराला चक्कर मारायची.

उत्तरेकडून घर भारदस्त दिसतं. सहा खांबांची उंच ओसरी, वर त्रिकोणी शिखर, दोन्हीकडे सज्ज्यांनी जोडलेल्या इमारती. इंग्लंडमध्ये अशी घरं आणखीही आहेत. दक्षिणेला गेलात की मात्र थबकता. रोममधली कॉन्स्टंटाइनची विजयकमान अ‍ॅडमने घराच्या पाठीला आणून लावली आहे. चार खांब भिंतीपासून सुटे, पुढे उभे. प्रत्येकाच्या डोक्यावर तुळईचा एकेक तुकडा आणि त्यावर पुतळा. त्यांच्या मागे बसकट घुमट. खाली बागेत उतरणारा दुहेरी जिना बाक घेत येतो, आणि त्याचा बाक घुमटाच्या बाकाला उत्तर देतो. दोन्ही बाजूंच्या भिंती मुद्दाम साध्या ठेवल्यात. म्हणून नजर मधोमधच खिळते.

आत शिरल्यावर पहिलं दालन म्हणजे मार्बल हॉल. अ‍ॅडमच्या डोक्यात रोमन घरातला उघडा चौक होता. त्यामुळे इथे बाजूंना खिडक्या नाहीत, उजेड आपल्या वाड्याच्या चौकात पडतो तसा वरून पडतो. दोन्हीकडे मिळून वीस पन्हळदार खांब, प्रत्येकी पंचवीस फुटांचा. मार्बल हॉल नाव असलं तरी हे खांब संगमरवराचे नाहीत, अल्बास्टरचे आहेत. तेही परदेशी नव्हे, शेजारच्या नॉटिंगहॅमशायरच्या खाणीतले. अल्बास्टर म्हणजे मुळात जिप्सम, ज्याला भाजून पीओपी करतात तेच. नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ, आणि पाण्यात हळूहळू विरघळणारं. बाहेर उभं केलं असतं तर पावसाने कधीच खाल्लं असतं. जवळ जाऊन पाहा (हात लावू नका): हिरवट-पांढऱ्या अंगात तांबूस-तपकिरी शिरा धावतात, आणि एकाही खांबाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. कुठे शीर अचानक तुटते, तिथे दोन दगडांचा सांधा आहे. तो सांधा शोधायचा मला नाद आहे.

त्याच्या मागे गोल सलून, रोमच्या पँथिऑन या प्राचीन गोल मंदिरावरून सुचलेलं. घुमटाच्या झरोक्यापर्यंत उंची बासष्ट फूट. गोल दालनाची भिंत बाकदार, म्हणून दारंही बाकदार करावी लागली. सुताराच्या हातचं हे काम दोन मिनिटं उभं राहून बघण्यासारखं आहे. कोनाड्यांत प्राचीन वेदीसारखे दिसतात ते खरं तर ओतीव लोखंडाचे स्टोव्ह आहेत. डर्बीशायरच्या थंडीत इतकं उंच दालन त्यांनी कितीसं ऊबदार झालं असेल, याची मला शंकाच आहे.

एवढं मोठं घर, मग कुटुंब बाजूच्या इमारतीत का राहायचं? आणि स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला, तर जेवण गरम कसं पोचायचं?
(निवृत्त शिक्षिका, ठाणे)

मधलं घर राहण्यासाठी नव्हतंच. ते पाहुण्यांना दाखवण्यासाठी आणि समारंभांसाठी होतं. चित्रं, पुतळे, सोनेरी फर्निचर यांची मांडणीच तशी आहे. बैठकीच्या दालनात जॉन लिनेलने केलेले कोच आहेत, त्यांचे हात-पाय म्हणजे कोरलेल्या जलपऱ्या आणि जलपुरुष. राजेशाही पलंगाचे खांब माडाच्या झाडासारखे घडवलेत. अशा पलंगावर रोज झोपायचं नसतं. कुटुंबाचं खरं जगणं ईशान्येच्या इमारतीत, आणि कर्झन कुटुंबीय आजही तिथेच राहतात.

जेवण पश्चिमेच्या इमारतीतून सज्ज्यातून चालत यायचं, आणि अर्थातच वाटेत निवायचं. श्रीमंतांनी हे चालवून घेतलं, कारण धूर, वास आणि आगीची भीती मुख्य घरापासून लांब राहायची.

प्रसिद्ध इंग्रजी कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन १७७७ मध्ये इथे आले होते. त्यांना घर पटलं नाही. हे नगरभवन म्हणून छान शोभेल, खांबांच्या दालनात न्यायाधीश बसतील आणि गोल खोलीत ज्युरी, अशा अर्थाचं ते बोलले. मी जॉन्सनच्या बाजूने नाही, पण सोयीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खोडताही येत नाही.

तुम्ही शिक्षिका होतात म्हणून आवर्जून सांगते. त्या काळी पाहुण्यांना घर फिरवून दाखवायच्या त्या इथल्या गृहव्यवस्थापिका, मिसेस गार्नेट. स्वच्छ, ठसठशीत उच्चारांत एकेका चित्राची माहिती देणाऱ्या म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांचं तैलचित्र घरात आहे, टॉमस बार्बरने काढलेलं. पांढरी टोपी, हातात चित्रांची यादी. उमरावांच्या तसबिरींच्या गर्दीत नोकरी करणाऱ्या बाईचं असं चित्र क्वचितच दिसतं. मी गेले की त्यांना भेटल्याशिवाय निघत नाही.

कोलकात्याचं राजभवन म्हणजे केडल्स्टनची नक्कल, असं गाइडने सांगितलं. खरं का?
(एक वाचक, नागपूर)

आराखड्यापुरतं खरं. लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल असताना, १७९९ ते १८०३ या काळात, बंगाल इंजिनिअर्सच्या चार्ल्स वायटने ते बांधलं. पेनने चार बाजूंच्या इमारतींसह केडल्स्टनचा आराखडा छापून प्रसिद्ध केलेला होता, त्यामुळे कोलकात्यात बसून तो पाहणं अवघड नव्हतं. मजा अशी की डर्बीशायरमध्ये पैशापायी अडलेलं काम हुगळीकाठी पुरं झालं. तिथे चारही बाजू उभ्या आहेत.

पण नक्कल म्हटलं की वायटवर अन्याय होतो. केडल्स्टनच्या दर्शनी भागात घडीव वालुकाश्म, कोलकात्याचं घर विटांचं आणि वर चुन्याचा गिलावा. चारही बाजू बांधण्यामागे तिथे हवेचं कारणही होतं, कारण सुट्या बाजूंमुळे कुठूनही वारा आला तरी खोल्यांतून खेळतो. दक्षिणेला तिथे कॉन्स्टंटाइनची कमान नाही, घुमटाखाली अर्धगोल खांबांची ओसरी आहे. खर्च पाहून कंपनीचे संचालक भडकले आणि १८०५ मध्ये वेलस्लीला परत जावं लागलं. त्यामागे इतर कारणंही होती, पण हा वाडा त्यातलं एक होतं.

आणि केडल्स्टनमध्येच १८५९ साली जन्मलेला जॉर्ज नॅथनिएल कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन या दुसऱ्या घरात राहायला आला.

कर्झनने बंगालची फाळणी केली. त्याच्या घराचं एवढं कौतुक आपण कशाला करायचं? आणि तिथे ठेवलेल्या आपल्या वस्तूंचं काय?
(इतिहासाचे अभ्यासक, पुणे)

तुमचा राग मला समजतो आणि त्यात मी सहभागी आहे. गोखल्यांनी १९०५ च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली होती. गोखले तोलून-मापून बोलणारे, त्यामुळे त्या तुलनेचं वजन फार आहे.

तरी हे घर पाहावं असं मी म्हणते. एक म्हणजे ते त्याने बांधलं नाही, त्याच्या जन्माआधी शंभर वर्षं उभं राहिलं. दुसरं असं, की जुन्या इमारती वाचवण्याचा आपल्याकडचा कायदा आणि इंग्लंडचा कायदा, दोन्हींवर याच माणसाचा हात आहे. १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्याच्या कारकिर्दीतला. जॉन मार्शलना पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नेमलं, तेही त्यानेच, १९०२ मध्ये. इंग्लंडला परतल्यावर १९११ मध्ये लिंकनशायरचा टॅटरशॉल किल्ला मोडीत निघाला होता, त्यातल्या जुन्या कोरीव शेकोट्या उखडून विकल्या गेल्या होत्या. कर्झनने किल्ला विकत घेतला, शेकोट्या शोधून परत आणून बसवल्या. त्या गदारोळातून १९१३ चा ब्रिटिश स्मारक कायदा जास्त कडक झाला, आणि उमरावांच्या सभागृहात त्याची पाठराखण करणाऱ्यांत कर्झन पुढे होता. मात्र त्या कायद्यातून माणसं राहत असलेली घरं वगळलेली होती. म्हणजे त्याच्या स्वतःच्या केडल्स्टनला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

आता वस्तूंबद्दल. तळमजल्यावर ‘ईस्टर्न म्युझियम’ आहे. आशियातल्या प्रवासात आणि व्हाइसरॉय असताना त्याने जमवलेल्या, भेट मिळालेल्या हस्तिदंती, चांदीच्या वस्तू, शस्त्रं, कापड तिथे आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात त्याच्या पत्नीने, मेरीने, घातलेला मोरपिशी झगा याच संग्रहातला. कापडावरचं जरदोजीचं काम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसच्या वर्थ या फॅशनघराची. मोराच्या प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या भुंगेऱ्याच्या पंखावरचं कडक कवच टाचलेलं आहे. लांबून ते पाचूसारखं लकाकतं. जवळून बघितलं की कळतं, एकेक कवच धातूच्या तारेने चहूबाजूंनी बांधून घेतलंय, आणि तारेचा एकही फेरा ढिला नाही. झग्याच्या कौतुकात मेरीचं नाव येतं, वर्थचं येतं. ते काम करणाऱ्या हातांबद्दल बोलणं फार उशिरा सुरू झालं. इंग्लंडमधल्या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने (केडल्स्टनही तिच्याकडेच आहे) २०२० मध्ये आपल्या वास्तूंच्या वसाहतवादाशी असलेल्या संबंधांवर अहवाल काढला, त्यात केडल्स्टन आहे. त्या अहवालावरून इंग्लंडमध्ये मोठं वादळ उठलं. माझ्या मते तो निघायलाच हवा होता, आणि तेवढ्याने भागत नाही. कोणती वस्तू विकत घेतली, कोणती नजराणा म्हणून आली आणि नजराणा देणाऱ्याला नाही म्हणायची मुभा होती का, हे प्रत्येक कपाटापाशी लिहिलेलं असावं. तुमच्यासारख्या अभ्यासकांनी ते मागावं. त्यासाठी तरी या घरात पाऊल ठेवा.

आम्ही लेस्टरला ‘ग्रेड टू’ घर बघतोय. मित्र घाबरवतात की खिळा ठोकायलाही परवानगी लागते. केडल्स्टनला तर ग्रेड वन आहे. नक्की नियम काय?
(एक दांपत्य, लेस्टर)

खिळ्याला लागत नाही, घाबरू नका. १९४७ च्या नियोजन कायद्यापासून इंग्लंडमध्ये अशा इमारतींच्या याद्या पद्धतशीर होऊ लागल्या. श्रेणी तीन: सर्वांत वर एक, मग तारांकित दोन, मग दोन. यादीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती साध्या दोनमध्ये येतात, पहिल्या श्रेणीत अडीच टक्के. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावलीत एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशा श्रेण्या आहेत, तशातलंच हे.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की श्रेणी कोणतीही असो, संरक्षण आतून-बाहेरून पूर्ण इमारतीला असतं. जिन्याचा कठडा, शेकोटीची चौकट, आतली दारं, सगळं आलं. आवारातल्या जुन्या भिंती आणि गोठेही बहुधा त्यात येतात. वास्तूच्या रूपात फरक पडेल असा बदल करायचा तर स्थानिक परिषदेची लेखी संमती आधी घ्यायची. न घेता केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम निस्तरायची नोटीस तुमच्या दारी येऊ शकते. म्हणून खरेदीआधी वकिलाला जुन्या संमतीपत्रांबद्दल विचारायला लावा. जसं होतं तसंच, त्याच सामानाने दुरुस्त करायला सहसा अडचण येत नाही. मात्र जुन्या विटांच्या सांध्यांत सिमेंट भरू देऊ नका. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती विटेत कोंडतं आणि थंडीत विटेचा चेहरा सुटून पडतो. हे मी रोज बघते, आणि दर वेळी जीव तुटतो.

आता केडल्स्टनचं. तिथे घर पहिल्या श्रेणीत आणि भोवतीचं उद्यानही स्वतंत्र यादीत पहिल्या श्रेणीत. दोन्ही बरोबरच हवं, कारण हे उद्यानही घराइतकंच घडवलेलं आहे. ओढा अडवून तलाव केले, त्यावर अ‍ॅडमचा तीन कमानींचा पूल आणि धबधबा. मासेमारीचा त्याचा छोटा बंगला तर फारच देखणा आहे: वर खोली, जिच्या खिडकीतून गळ टाकता येई, खाली थंड पाण्याचा हौद, बाजूंना होड्यांच्या खोल्या. हे सगळं साधण्यासाठी १७६० च्या सुमारास केडल्स्टन गावच उचलून लांब नेलं, रस्ता वळवला. गावातली घरं गेली, चर्च तेवढं घराला चिकटून राहिलं.

उद्यानाबाहेरच्या जमिनीचं काय, हा प्रश्न कोर्टात गेला होता. डर्बीच्या अ‍ॅलस्ट्री भागालगत पूर्वी इस्टेटीचा भाग असलेल्या शेतांवर चारशेपर्यंत घरं बांधायचा प्रस्ताव आला. मधे झाडांचा पट्टा असल्यामुळे तिथून हॉल दिसत नाही. न दिसणारं शेत हॉलच्या परिसरात धरायचं का, एवढाच मुद्दा. नियोजन निरीक्षकाने परवानगी दिली, २०१७ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली, २०१८ मध्ये अपील कोर्टाने निरीक्षकाचा निर्णय पुन्हा कायम केला. परिसर फक्त दृष्टीपुरता नसतो, इतिहासाचा संबंधही पाहता येतो, हे अपील कोर्टाने मान्य केलं. पण प्रत्येक ठिकाणी किती पाहायचं हे निर्णय देणाऱ्याने परिस्थिती बघून ठरवायचं, असं म्हटलं. कायदा म्हणून हे सुसंगत आहे. मला मात्र वाटतं की डर्बीहून येणाऱ्या माणसाला शहर संपून शेतं लागतात तो पट्टा या घराच्या प्रवेशाचाच भाग होता. तो गेला की फाटकाशी पोचल्यावर एकदम घर दिसण्यातला जोर कमी होतो.

उरलेल्या दोन बाजू आज बांधून आराखडा पुरा करायला काय हरकत आहे? नकाशे तर आहेत.
(स्थापत्य अभियंता, नाशिक)

नकाशे आहेत, पैसाही कदाचित उभा राहील. नैऋत्येला संगीताचं दालन, आग्नेयेला काचगृह आणि प्रार्थनामंदिर असा बेत होता. पण ते बांधलं तर आपण १७६० चं घर पुरं करणार नाही, आजचं एक नवं घर त्याला जोडू. शिवाय दक्षिणेची ती कमान आज मोकळ्या हिरवळीवर एकटी उभी आहे म्हणून तिचा घुमट आणि जिना एका नजरेत भरतात. दोन्हीकडून सज्जे पुढे आले असते तर बाजूने येताना तो भाग झाकला गेला असता. पैसे संपले हे सर नॅथनिएल कर्झनचं दुर्दैव. त्यामुळे दक्षिणेच्या बाजूचं भलं झालं असं माझं ठाम मत आहे, अ‍ॅडम असता तर भांडला असता.

एकाच दिवसात पाहायचं असेल तर सुरुवात कुठून करू?
(नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला आलेला वाचक)

डर्बीपर्यंत ट्रेन, तिथून टॅक्सी. हॉल १९८७ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. आतली दालनं कोणत्या दिवशी उघडी असतात ते निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. आधी पुलावरून उत्तरेची बाजू, मग आत, मग दक्षिणेच्या हिरवळीवर लांबपर्यंत चालत जा आणि तिथून मागे वळा. चर्च चुकवू नका. त्याचं दक्षिणेचं दार बाराव्या शतकातलं, नॉर्मन घडणीचं आहे, आणि आत मेरी आणि जॉर्ज कर्झन यांच्या संगमरवरी प्रतिमा आहेत, बर्ट्रम मॅकेनलने घडवलेल्या. पायात पाणी न शिरणारे बूट घाला, हिरवळ दुपारपर्यंत ओली असते.